जांभईच्या गल्लीत न पोहोचलेले मायेस्त्रो

"पावणेपाच!" फर्मिनाने ट्रम्पेट खाटेवर आपटलं. मग घाबरून लगेच उचललं आणि पुसलं. "चारला येणार होते! साडेसहाला त्यांची ग्वादालाहाराची बस! संपलं सगळं!"

खरंच संपत आलं होतं. ग्वादालाहाराच्या मुलांच्या वाद्यवृंदात ट्रम्पेटची एकच जागा उरली होती. संगीतशिक्षक मायेस्त्रो रेन्तेरिया गावोगाव फिरून मुलांचं वादन ऐकत होते. त्यांच्या ग्वानाह्वातो गावासाठी आजची एवढी दुपार. उद्या यादी लागणार. आणि त्यांचा फोन बंद!

"हरवले असतील," तिचा भाऊ नाबोर म्हणाला. वय वर्षं दहा.

"तुमच्या गावात न हरवलेला माणूस दाखवा!" मावसभाऊ ओदिलोन फणकारला. तो सुट्टीसाठी मोन्तेर्रेहून आला होता आणि सोमवारपासून चिडलेलाच होता. "रस्त्याखाली रस्ता, भुयाराला फाटा, फाट्याला जिना! आमच्याकडे रस्ते जमिनीवर असतात, शहाण्यासारखे!"

"भांडू नका! शोधा!"

वर गेले! खाली गेले!

ट्रम्पेटची पेटी घेऊन तिघं जिने उतरून भुयारातल्या बसथांब्यावर धावले.

"काका, काळा कोट, पांढऱ्या मिशा, हातात चामडी बॅग?"

"बघितले की!" हवालदार हसून म्हणाला. "वर गेले."

"खाली गेले," रसवाला म्हणाला.

"टॅक्सीत बसले," बूटपॉलिशवाला म्हणाला. "लाल टॅक्सी."

"आपल्या टॅक्सी हिरव्या आहेत!"

"मग हिरवी असेल!"

ओदिलोनने कपाळावर हात मारला. "इथे 'माहीत नाही' म्हटलं तर दंड होतो का रे?"

"तसं म्हणणं उद्धटपणा," नाबोर गंभीरपणे म्हणाला. "पाहुण्याला काहीतरी सांगायला नको?"

"पण खरं सांगायला नको?"

फर्मिना भिंतीला टेकून खाली बसली. पाच वाजून पाच मिनिटं.

तेवढ्यात ओदिलोन पुटपुटला, "थांब. सोमवारी मी याच हवालदाराला तुमची जांभईची गल्ली विचारली होती..."

"...आणि दोन तासांनी आलास! तोही बाजाराकडून!" फर्मिना ताडकन उठली. "आईला तिथे भेटला नसतास तर आजही फिरत असतास!"

नाबोरचे डोळे मोठे झाले. "म्हणजे माणूस शोधायचाच नाही! गल्ली विचारायची, आणि सांगतील तस्संच चुकायचं! मायेस्त्रोंनाही तेच सांगितलं असेल!"

जिना चढा, देवळामागे

फर्मिना आणि नाबोर खांबाआड लपले. ती दोघं गावचीच, त्यांना कोण पत्ता सांगणार? ओदिलोनने ट्रम्पेटची पेटी उचलली, केस विस्कटले आणि मोन्तेर्रेच्या ठसक्यात हवालदाराला विचारलं, "काका, जांभईची गल्ली कुठे हो?"

"सोप्पंय! जिना चढ, देवळामागे."

देवळामागे एक काकू तव्यावर एन्चिलादाच्या मक्याच्या पोळ्या परतत होत्या.

"जांभईची ना? उतारावरून बाजार, तिथे कुणालाही विचार. खाऊन जा हो, किती सुकलास!"

"शंभर पावलांवर आहे!" फर्मिनाने कोपऱ्यामागे स्वतःची बाही चावली. "आमचं घर! यांच्या पाठीमागे!"

"गप्प! आपल्याला चुकायचंय!" नाबोरने तिला ओढलं.

बाजाराच्या पायऱ्यांवर एक आजोबा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आभाळाकडे पाहिलं.

"जांभईची गल्ली... अरे, ती धरणाशी! 'प्रेसा' लिहिलेल्या बसमध्ये बस. मघाशी एका सद्गृहस्थांनाही हेच सांगितलं. मिशा काय रुबाबदार!"

"आजोबाऽऽ!" फर्मिना कोपऱ्यामागून किंचाळलीच!

पण बस समोर उभी होती. तिघांनी आत उड्या मारल्या.

धरणाशी

पाच पस्तीस. होडीच्या धक्क्याजवळच्या बाकावर मायेस्त्रो बूट काढून बसले होते. भोवती चार मोठी माणसं तावातावाने भांडत होती.

"पुलावरून जा!"

"छे, चढावरून!"

"मी इथे जन्मलोय, मला सांगतोस?"

"इथे जांभईची गल्ली नाहीच!" फर्मिना ओरडली. "कधी नव्हतीच! आम्हीच राहतो त्या गल्लीत!"

एक जण कसनुसा म्हणाला, "आम्ही आपली मदत..."

"काका, मदत पुरे!"

मायेस्त्रोंनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. "पोरी, माफ कर. तुझ्या घरी गेलो तर बस चुकेल. इथे वाजवायलाही वेळ नाही."

ओदिलोनने बसथांब्याकडे बोट केलं. "स्टँडवर जायला बसमध्ये बसावंच लागेल ना? बसमध्ये वाजवेल ती!"

सगळे बसमध्ये चढले तेव्हा ड्रायव्हर आधी भडकला. मग सगळी हकिगत ऐकून म्हणाला, "वाजव. पण भुयारात वाजव. बाहेर आमच्या हॉर्नची अब्रू जाते."

बस भुयारात शिरली. फर्मिनाचा पहिला सूर चिरकला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. तिने डोळे मिटले, श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली. दगडी भिंतींनी सूर झेलला, परत फेकला; तिने त्यावर दुसरा ठेवला. रडणारं एक बाळ थांबलं. एका बाईंनी आपला थांबा आला तरी घंटा वाजवली नाही.

स्टँड आला. सहा चोवीस.

"पहिला सूर वाईट होता," मायेस्त्रो म्हणाले.

"हो," फर्मिना कशीबशी म्हणाली.

"त्यानंतर तू थांबली नाहीस. ऑगस्टमध्ये ये. जागा तुझी!"

नाबोरने अशी आरोळी ठोकली की हमाल वळून बघायला लागले.

"शाब्बास रे पोरांनो!" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला. "वीस वर्षं या भुयारांत बस चालवतोय. चुकीच्या पत्त्यांवरून माणूस शोधलेला पहिल्यांदा पाहिला!"

"तीन तासांत भेटलेली शहाणी माणसं एवढीच," मायेस्त्रोंनी तिघांच्या पाठी थोपटल्या आणि ग्वादालाहाराच्या बसच्या पायरीवर चढले.

"मायेस्त्रो," ओदिलोनने हाक मारली, "तुमच्याकडे यायचं कसं?"

"अगदी सोपं! स्टँडवरून सरळ, कारंजं लागेल, तिथून डावीकडे... नाही, उजवीकडे, मग एक मोठी..."

तिघांनी हाताची घडी घातली.

मायेस्त्रोंचे कान लाल झाले. त्यांनी मिशा सारख्या केल्या.

"माहीत नाही," ते म्हणाले. "मला रोज बायको सोडते. आम्ही दोघं स्टँडवर येऊ. तुम्ही उतराल तिथून हलू नका. आणि देवाशपथ, कुणालाही काही विचारू नका!"