दुसरी अमिता

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये जीवशास्त्र शिकवणाऱ्या अमिताच्या सूक्ष्मदर्शकाचा बारीक स्क्रू अडकला आणि महाविद्यालयाच्या शिपायाने तिला इंदूरच्या टाळेबंदी झालेल्या मिलच्या फाटकावर पाठवले. तिथे धरण्याच्या मांडवात जयेश हा फिटर बसला होता. त्याने रुमाल पसरला, काढलेले भाग क्रमाने मांडले, आणि पाऊण तासाने म्हणाला, "घ्या जी. आता यात दिसतं काय, ते तरी दाखवा!"

पेटीतली एक काचपट्टी तिने लावली. तो वाकला.

"हा काळा ठिपका?"

"केंद्रक. पेशीने काय व्हायचं, त्याच्या सूचना त्यात असतात. परदेशात एका पूर्ण वाढलेल्या मेंढीच्या पेशीतलं केंद्रक रिकाम्या केलेल्या अंड्यात घातलं... आणि हुबेहूब तशीच मेंढी जन्मली."

"म्हणजे दुसऱ्या अमिताजीही बनतील?"

"बनेल. पण तिला तुमची ओळख नसेल."

"मग क्या फायदा? रहने दो जी — हीच ठीक आहे."

मांडव हसला. अमिताने पेटी उलटीच बंद केली.

मग दर शनिवारी ती दोघे लालबागेत फिरू लागली.

"तयार झालेली पेशी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते... अन् तयार झालेला फिटर?" त्याने एकदा विचारले.

"त्यालाही अंडं लागेल," ती हसली.

"नेहमी जमतं हे?"

"दोनशे सत्त्याहत्तर अंड्यांत एकदा."



मे महिन्यात मिल कायमची बंद झाली. जयेशला सुरतेत काम मिळाले. अमिताचे वडीलही त्याच मिलमध्ये कारकून होते; आता घर तिच्याच पगारावर चालत होते. तिला इंदूर सोडणे शक्य नव्हते, आणि इंदुरात त्याला काम नव्हते.

बसपाशी त्याने विचारले, "वाट पाहाल?"

"वचन नाही देणार, जयेशजी. पुढचं मला माहीत नाही, अन् माहीत नसलेलं मी सांगत नाही." ती एक पाऊल जवळ आली. "प्रेम आहे — ते माहीत आहे. आज, आत्ता आहे."

त्याने तिची बोटे क्षणभर धरली. "बस जी... इतना बहुत है."

त्याला घेऊन बस वळली. पाठीमागून दुसऱ्या गाडीचा कंडक्टर ओरडला, "सूरत की एक और है, मैडम! चलोगे क्या?"

अमिता वळली. तिला हो म्हणता येईना. नाहीही म्हणता येईना.