बार्जमधला बेवारस

माझी बायको बुरुल, तिच्या कादंबरीत माणूस नंतर मरतो. आधी तिला जागा सापडावी लागते. पहिल्या पुस्तकाला तिने रेल्वेचा शेवटचा फलाट घेतला, कारण लोहमार्ग सरोवराकाठच्या आमच्या बालिक्चीत येऊन संपतो. पुढच्याला लोकर धुण्याचा बंद पडलेला कारखाना. जागा ठरली की ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर गावाचा नकाशा टाचते आणि मग मला कामाला जुंपते. मी इथल्या हवामान केंद्रावर नोकरीला आहे. वाऱ्याची दिशा, पाण्याचं तापमान, हवेचा दाब, हे माझं रोजचं. तिला तेवढं पुरतं.

"अहो, सांताश सुटला असेल तर बंदरावरची ओरड गावात ऐकू येते का?"

सांताश म्हणजे सरोवरावरून येणारा पूर्वेचा वारा. "येते," मी म्हणतो.

"आणि खिंडीकडून उलान वाहत असेल तर?"

"मग ओरड पाण्याकडे जाते. बदकं ऐकतात."

"झकास. मग उलानच ठेवते."

तिचे आजवरचे खून आम्ही दोघांनी मिळून असे पार पाडले आहेत. आम्हाला मूलबाळ नाही. संध्याकाळी बोलायला हा विषय बरा असतो.

चौथ्या पुस्तकासाठी तिने जुनं बंदर घेतलं. वाळूत रुतलेल्या बोटी, गंजून तांबड्या झालेल्या क्रेन आणि काठाला टेकून कलंडलेलं, माल वाहायचं एक सपाट बार्ज. त्या बार्जच्या पोटात एक कोठी आहे आणि कोठीवर लोखंडी झाकण. एका दुपारी आम्ही तिथं गेलो. बुरुल स्वतः खाली उतरली. झाकण लावा, मी आतून ठोकते, म्हणाली. मी लावलं आणि वाट बघत उभा राहिलो. काही ऐकू येईना, तेव्हा घाबरून उघडलं.

"मुठी सुजल्या माझ्या ठोकून ठोकून!" ती खालून ओरडली. आणि लगेच तिचा चेहरा उजळला. "म्हणजे खरंच नाही ऐकू आलं?"

"नाही."

"वा!"

मरणारी पोरगी होती सेयिल. टपाल कचेरीत खिडकीवर बसणारी, लग्न ठरलेली, वेणीला लाल दोरा बांधणारी. ती ओळखीतली नव्हती की बातमीतली नव्हती. ते नाव गावात कुणाचं नाही ना, हेसुद्धा बुरुलने चौकशी करून बघितलं होतं. लहान गावात बसून लहान गावावर लिहायचं तर ही काळजी घ्यावी लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुकानात पाव मिळत नाही.

पहिल्या खर्ड्यात सेयिल एका घावात मेली. तिला मारून मग कोठीत टाकलं होतं. मी वाचलं आणि बुरुलने तो खर्डा बिश्केकला, प्रकाशनाच्या संपादक वालेंतिना पेत्रोव्नांकडे पाठवून दिला.

त्याच सुमाराला एका शुक्रवारी दुपारी एक बाई दारात आली. साठीची असेल. अंगात त्या हवेला जड होईल असा तपकिरी कोट, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"लेखिकाबाईंचं घर हेच ना?"

वाचक येतात अधूनमधून. बुरुलने तिला बसवलं, दूध घालून चहा दिला, जर्दाळूचा मुरंबा पुढे सरकवला. बाईने फडकं सोडलं. आत ताजे तळलेले बोरसोक होते, कणकेचे फुगीर तुकडे, अजून गरम.

"घ्या. माझ्या पोरीच्या नावाने तळलेत. सेयिलच्या."

बुरुलचा हात कपापाशी थांबला.

"टपालात होती ती," बाई म्हणाली. "व्हायचं ते झालं. पण एकच घाव बसला हो. तिला काही कळलंही नाही म्हणतात. दर शुक्रवारी तळते मी. तेलाचा वास गेलेल्या माणसाला पोहोचतो ना. पोहोचला की मला कळतं, घर हलकं होतं." तिने बुरुलचा हात हातात घेतला. "तुमचे उपकार आहेत, बाई."

ती गेल्यावर बुरुलने बोरसोक ताटलीत झाकून ठेवले.

मी दुसऱ्याच दिवशी पोलीस ठाण्यात मेलिसला गाठलं. शाळेपासूनचा मित्र. त्याने नोंदी बघितल्या. अशी पोरगी नाही, असा मृत्यू नाही, टपाल कचेरीत त्या खिडकीवर गेली कित्येक वर्षं एक मिशाळ पुरुष बसतो.

"वहिनींच्या पुस्तकातले मुडदेही आता आमच्याच गळ्यात का, दादा?" मेलिस हसला. "आधीच कमी आहेत होय इथं?"

मी मनाशी हिशेब जुळवला. बुरुलला लिहिलेलं मोठ्यानं वाचायची सवय आहे. खिडकी उघडी असते. कुंपणापलीकडे कुणीतरी ऐकलं असेल. म्हातारी असेल डोक्याने हललेली, कधीकाळी पोर गमावलेली. अशी माणसं ऐकलेल्या गोष्टीत आपली माणसं बसवतात. बुरुलला हे पटलं, किंवा तिने पटवून घेतलं.

मग वालेंतिना पेत्रोव्नांचा फोन आला. त्यांचा आवाज एवढा खणखणीत की मला चुलीपाशी ऐकू येत होता.

"बुरुल, अगं पोरगी पानावर येते आणि मरते! वाचकाचा जीव अडकणार कुठे? तिला जिवंत टाक त्या कोठीत. ठोकू दे. दोन रात्री राहू दे. गावभर शोध चाललाय आणि वाचकाला ठाऊक आहे ती कुठं आहे!"

बुरुल नेहमी म्हणते, पहिला खर्डा गोष्ट काय ते आपल्याला कळावी म्हणून, दुसरा ती वाचकापासून लपवावी म्हणून. या खेपेला मात्र दुसऱ्या खर्ड्यात लपवायचं काही नव्हतं, दाखवायचंच होतं. ती झपाटल्यासारखी लिहीत सुटली. माझ्या आग्रहावरून खिडक्या बंद ठेवल्या होत्या. जेवताना मला प्रश्न विचारायची. मार्चच्या रात्री लोखंड किती थंड पडतं? आत हवा किती पुरेल? मी सांगत गेलो. मला आवडत होतं सांगायला. बंद लोखंडी कोठीत माणसाच्या श्वासाची वाफ भिंतीवर धरते आणि पहाटे थेंब ओघळतात, हे मीच सांगितलं. बुरुलने लेखणी खाली ठेवली आणि माझ्याकडे कौतुकाने बघितलं.

"म्हणजे ती ते चाटेल," ती म्हणाली.

"चाटेल," मी म्हणालो.

तिने आजवर लिहिलेल्यातली ती सगळ्यात चांगली पानं होती. अजूनही मला तसंच वाटतं.

बाई पुन्हा आली तेव्हा भिंतीला धरून चालत होती. तोच कोट, पण आता तो तिला मोठा होत होता. हातात काही नव्हतं. चहाला तिने तोंड लावलं नाही.

"आता नवीनच सांगतात," ती म्हणाली. "लगेच नाही म्हणे गेली. दोन रात्री होती. भिंतीवरचं पाणी चाटत होती म्हणे माझी पोर."

मी वर बघितलं. खिडक्या बंद होत्या. त्या दिवसापासून आम्ही त्या उघडल्याच नव्हत्या.

"शुक्रवारी तळते मी, पण वास घरातच राहतो. जातच नाही कुठे." तिने वर बघितलं. रागाने नाही. शाळेत न कळलेलं गणित विचारावं तसं तिने बुरुलला विचारलं, "असं कसं हो झालं, बाई? आधी तर असं नव्हतं."

त्यानंतर बुरुलने लिहिणं थांबवलं. जेवायला बसायची आणि ताटाकडे बघत राहायची. मी म्हणालो, कागद आहे तो, बुरुल. शाई आहे.

"तुम्ही तिचं तोंड बघितलंत ना?"

"बघितलं."

"मग कागद म्हणू नका. फोनवर वालेंतिना पेत्रोव्ना सांगत होत्या आणि मी मान डोलवत होते. एकदाही मनात आलं नाही, की त्या पोरीला आई असेल."

मला पाण्याच्या थेंबांची आठवण झाली.

शेवटी तिने सेयिलला सोडवलं. तिसऱ्या खर्ड्यात सेयिल त्या संध्याकाळी बंदराकडे जातच नाही. वाटेत आई भेटते आणि दोघी घरी जातात. एवढंच. बुरुलने ती पानं लिहिली आणि टेबलावरच डोकं टेकून झोपली.

पुढल्या रविवारी बाजारात ती बाई दिसली. लोकरीच्या मोज्यांच्या दुकानापाशी घासाघीस चालली होती. शेजारी एक तरुण मुलगी, वेणीला लाल दोरा. "आई, चल ना गं, लुबाडतोय तो," मुलगी म्हणत होती. बाईची नजर आमच्यावरून गेली आणि पुढे निघून गेली. ओळख नव्हती. बुरुलने माझा दंड घट्ट धरला आणि भर बाजारात रडायला लागली. मोजेवाला आम्हाला फुकट मोजे द्यायला निघाला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण वालेंतिना पेत्रोव्नांनी तिसरा खर्डा वाचला.

"छान आहे. मुडदा कुठाय?"

"नाही," बुरुल म्हणाली.

"बुरुल, शोध घेतात कुणाचा? झाकण उघडल्यावर पोलिसांना काय दिसतं? बटाटे?"

पुस्तकाची जाहिरात झाली होती. बुरुल नकाशासमोर तासन्‌तास उभी राहायची. गावातलं एकेक घर बघायची आणि मान हलवायची. प्रत्येक घरात कुणाची तरी आई होती.

तेव्हा मी बोललो. तिला झोप लागावी एवढंच माझ्या मनात होतं.

"कुणीतरी परका टाक. गाडीतून उतरलेला. नाव नाही, गाव नाही, आगापिछा नाही. विचारायला कुणी येणार नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. "इतकं सोपं?"

"बेवारस असतातच की माणसं."

तिने तसं केलं. फारसं बदलावं लागलं नाही. दोन रात्री, ठोकणं, भिंतीवरचे थेंब, सगळं जसंच्या तसं त्या माणसाकडे गेलं. चेहरासुद्धा दिला नाही तिने. उगाच कुणाशी मिळायला नको. शरद ऋतूत पुस्तक आलं आणि चांगलं गेलं. लोक म्हणाले, कोठीतली प्रकरणं वाचवत नाहीत.

पहिलं थंड वारं सुटलं त्या सुमाराला, एका दुपारी, दार वाजलं. मी उघडलं.

पुरुष होता. मी त्याच्याकडे सरळ बघत होतो, उन्हात, हातभर अंतरावरून. तरी तो कसा दिसत होता ते मला सांगता येत नाही. नजर त्याच्या तोंडावर टेकायची आणि घसरायची. बाह्या मात्र आठवतात. गंजाने माखल्या होत्या.

"विचारायला कुणी नव्हतं," तो अदबीने म्हणाला. "म्हणून मीच आलो."

बुरुल मागे उभी होती. तिने त्याला आत घेतलं. दुसरं काय करणार? चहा दिला, पाव दिला. त्याने पाव मोडला आणि हातात धरून ठेवला.

"ताई," तो म्हणाला, "कुणी विचारलं तर मी कोण म्हणून सांगू?"

बुरुल उठून आत गेली. मी मागोमाग गेलो. ती भिंतीला टेकून उभी होती.

"एखादं नाव दे त्याला," मी कुजबुजलो. "जाईल."

"नाव दिलं की बापाचं नाव येईल. बापाचं आलं की घर. मग त्याची आई येईल, कळतंय का तुम्हाला? कोट घालून येईल आणि इथं बसेल!"

तो रोज दुपारी यायला लागला. कधी तक्रार केली नाही. बसायचा, पाव हातात धरायचा, वाट बघायचा. बुरुल त्या वेळेला घराबाहेर राहू लागली. मी राहायचो. त्याला तिथं टाकायचं मीच सुचवलं होतं.

एकदा आम्ही दोघंच होतो.

"आता थंडी नाही वाजत," तो आपण होऊन म्हणाला. "फक्त कुणी हाक मारत नाही."

माझ्याच्याने राहवलं नाही.

"माझं घे," मी म्हणालो. "सागिन. बाप मी जन्मायच्या आधी गेला, म्हणून आईने हे नाव ठेवलं. ज्याची आस लागली तो. चांगलं नाव आहे."

"सागिन," तो म्हणाला. दुसऱ्याची टोपी डोक्यावर घालून बघावी तसं म्हणाला. मग पाव खाल्ला, कण न् कण, आणि निघून गेला.

परत आला नाही. बुरुलने काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. तिने खिडक्या उघडल्या.

माझी आई कोचकोरला थोरल्या भावाकडे असते. त्या आठवड्यात तिचा फोन आला. बुरुलने उचलला.

"बोला, अपा," ती सासूला म्हणाली. मग ऐकत राहिली. मग हळूहळू खाली बसली. तिने माझ्याकडे बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

पलीकडे खूप माणसं होती. बायकांचे रडण्याचे आवाज होते.

"आई," मी म्हणालो. "मी बोलतोय. सागिन."

पलीकडे आईने कुणाला तरी गप्प राहायला सांगितलं.

"आवाज अगदी त्याच्यासारखा आहे रे तुझा, बाळा," आई म्हणाली. "त्याचा मित्र का तू?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला ये," ती म्हणाली. "त्याच्या वयाचं कुणीतरी पंगतीला असलेलं बरं."