ताई आहे ना!

टीव्हीवर हायडेलबर्गचा किल्ला झळकला आणि वैजयंतीने हातातला बटाटेवड्यांचा ट्रे टेबलावर असा काही आपटला, की वाटी कलंडून चटणी नीनाच्या नव्याकोऱ्या कार्पेटवर सांडली!

"अगं ताई!" गिरीश ओरडला.

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या त्या घरात रविवारी दुपारी गिरीशचा मित्र रवी आणि त्याची बायको सुप्रभा जेवायला आले होते, आणि जेवणानंतर जर्मनीच्या ट्रिपचे फोटो बघायचा कार्यक्रम रंगला होता. राजवाडे झाले, ब्लॅक फॉरेस्टमधली कुकू घड्याळं झाली, रोपवेत बसून किंचाळणारी गिरीशची चौदा वर्षांची लेक ईशिता झाली... शेवटी सुप्रभानेच सहज विचारलं, "ताई, तुम्ही कुठेच कशा नाही हो फोटोत?" आणि ज्या धाकट्या भावाला वैजयंतीने पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं, त्या गिरीशने हसत हसत उत्तर दिलं, "ताई म्हणजे आमची लगेज इन-चार्ज! स्टेशनवरचे लॉकर कशाला हवेत? ताई आहे ना!"

सगळे हसले. नीना, त्याची बायको, जरा जास्तच हसली.

हो, ताई होतीच! भाड्याच्या फ्लॅटमध्ये सगळ्यांच्या आधी उठून पोळ्या लाटणारी, त्या फॉइलमध्ये गुंडाळणारी ताई होती. रोपवेच्या पायथ्याशी, राजवाड्याच्या फाटकाशी, जिथे जिथे लोक वर बघत होते तिथे तिथे खाली बॅगा धरून बसलेली ताई होती! ते सगळं तिने गिळलं होतं. कुठला राजवाडा आणि कुठला धबधबा... राहिले तर राहिले. पण हायडेलबर्ग! निदान तिथे तरी...!

पुण्यात एम.ए. करता करता ती संध्याकाळी जर्मन शिकायला जात असे. बाविसाव्या वर्षी त्याच हायडेलबर्गच्या विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला. आई आधीच गेलेली. निघायची तयारी चाललेली असताना बाबाही गेले, आणि मागे उरला सहा वर्षांचा गिरीश. मग जर्मनी राहिलं, लग्न राहिलं. तिने बँकेत नोकरी धरली, त्याला इंजिनिअर केलं, आणि ईशिताच्या जन्माच्या वेळी त्याचा एक फोन आला तशी ती नोकरीही सोडून इथे आली. या सगळ्याबद्दल तिने कधी अवाक्षर काढलं नव्हतं. लेकराला आपल्या त्यागाचं ओझं कशाला, म्हणून!

पण आज त्या लेकराने चारचौघांत तिचा हमाल करून टाकला होता.

"ताई, प्लीज, गेस्ट्सच्या समोर..." नीना कुजबुजली.

"समोरच बोलणार! हसलात ना समोर?" वैजयंतीने संतापाने विचारलं. "गिरीश, त्या दिवशी मी तुझ्याकडे काय मागितलं होतं रे? अर्धा तास! म्हटलं, विद्यापीठ इथून दोन गल्ल्यांवर आहे, तेवढं बघून येते. काय म्हणालास? 'तिथे काय बघायचंय, नुसत्या जुन्या बिल्डिंग्ज! ईशिताला किल्ला बघायचाय, तू बॅगांपाशी बस.' आणि मी बसले! तुमच्या त्या मेल्या बॅगा सोडून उठता येईना म्हणून बसले!"

"पण एवढं काय होतं तिथे?"

"माझं आयुष्य होतं तिथे!"

सोफ्याच्या टोकावरून ईशिताचा बारीक आवाज आला, "आत्या... तू एका ओल्ड लेडीशी जर्मन बोलत होता. आम्ही खाली आलो ना, तेव्हा मी ऐकला. आय थॉट मला भास झाला."

"जर्मन?" गिरीशचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, तुला जर्मन येतं? तू मला कधी..."

"तुझ्यासाठी सोडलं ते! तुला शिकवायचं होतं, तुला रात्री कुशीत घेऊन झोपवायचं होतं, म्हणून त्या विद्यापीठाला नाही म्हणून कळवलं! आणि मी कधी सांगितलं नाही म्हणतोस? तू कधी विचारलंस? एकेचाळीस वर्षांचा झालास, एकदा तरी विचारलंस, ताई, तुला काय हवं होतं?"

ती तरातरा स्वयंपाकघरात गेली आणि सिंकमधली भांडी जोरजोरात घासू लागली.

पाठोपाठ गिरीश आला. डोळे लाल झालेले. "ताई, पुढच्या उन्हाळ्यात आपण सगळे परत जाऊ. शपथ घेतो. मी तुला स्वतः घेऊन..."

"मला कोणी घेऊन जायला नको! मी एकटी जाणार."

"एकटी? अगं, तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत, मी बघेन!"

त्यावर मात्र तो कोसळला. "मी तुझं सगळं खाऊन टाकलं गं ताई..." म्हणत एवढा थोरला माणूस लहान मुलासारखा हुंदके देत तिच्या पायांशी वाकला. तिचा हात सवयीने त्याच्या केसांकडे गेला... आणि तिने तो मागे घेतला. आज नाही!

"पाया पडून मोकळा होऊ नकोस, गिरीश. राग गेलेला नाही माझा, आणि इतक्यात जाणारही नाही. बस इथे."

तो तिथेच फरशीवर बसला.

बाहेरून नीनाची हाक आली, "गिरीश, अरे ते निघतायत! बाय करायला ये ना!"

"थांबायला सांग नाहीतर जाऊ दे!" तो बसल्या जागेवरून ओरडला. "ताई बोलतेय!"

वैजयंतीने नळ बंद केला, ओले हात पदराला पुसले, खुर्ची ओढून ती त्याच्यासमोर बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घरातलं कोणी तिचं ऐकायला बसलं होतं.

"बाबा गेले तेव्हा तू शाळेत होतास," ती अजूनही रागातच म्हणाली. "आणि माझी बॅग भरून तयार होती..."