नव्या डिस्कवरची कणसं

शिवपुत्र आमच्या कारखान्यात आला तो मावशीसाठी चादर घ्यायला, आणि त्याला मी पहिल्यांदा दिसले ती कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यासमोर रडून नाक पुसताना. झाली ओळख.

रडू नाही तर काय करू? डिझाइनच्या कॉम्प्युटरची डिस्क जुनी झाली म्हणून मी नवी बसवली, तिच्यावर बॅकअप उतरवला, आणि आता लिनक्स सुरूच होईना. मागावर डिझाइन जातं ते इथूनच. नेहमीचा मोर सोडून मी काढलेली ज्वारीची कणसं पहिल्यांदाच चादरीवर उमटणार होती. संध्याकाळी व्यापारी यायच्या आत नमुना विणला नाही, तर मालक प्रभुअण्णा पुन्हा मोरच काढणार होते.

शाळाशाळांतले कॉम्प्युटर मीच बघतो, असं म्हणत तो शेजारी बसला आणि बॅकअप कसा उतरवला ते विचारू लागला. मी फणकाऱ्यानंच सांगितलं, सगळाच्या सगळा. आम्ही विणकर, मागावर नवा ताणा चढवताना जुन्याच्या टोकांना एकेक धागा गाठतो, काही सोडत नाही.

तो गालात हसला. "मागाला चालतंय की. पण बॅकअपासंगं जुन्या डिस्कचा नंबर बी आला, ह्यो अजून तोच शोधतोय. ती तर तुमी काढून ठेवली."

माझा हात फोनकडे गेला. माझी सोयरीक मोडून वर्ष झालं, तरी त्या माणसाचा नंबर माझ्या फोनमध्ये होता... रोज त्याच्या फोनची वाट बघत होते वेड्यासारखी.

त्यानं पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू केला. मी नव्या डिस्कचा नंबर वाचायचा, त्यानं जुना पुसून तिथं हा लिहायचा. मध्येच तो थांबला.

"परत वाचा की."

"ऐकू नाही आलं?"

"आलं... तरी वाचा."

मी वाचला. कान तापले होते माझे. मग कॉम्प्युटरला उठवणारा बूटलोडर त्यानं नव्या डिस्कवर नव्यानं बसवला, आणि पडद्यावर कणसं उघडली. प्रभुअण्णांनी नमुना लगेच मागावर घेतला. माग धडधडू लागला.

चादर काखेत धरून तो दारात चपला घालू लागला. चपला घालायला इतका वेळ लागतो का कुणाला?

"बिघडला की बोलवा," तो म्हणाला.

मी फोन काढला. तो जुना नंबर पुसला.

"बिघडायची वाट नका बघू," मी म्हणाले. "रविवारी या. नंबर सांगा तुमचा."

त्यानं सांगितला. मला अगदी नीट ऐकू आला.

"परत सांगा की," मी म्हणाले.