मावशीच्या टपरीवर कबुतरं?

"हनुवटी खाली! अहो, खाली! छताला काय चिकटलंय का?"

मावशी कॅमेऱ्यामागून कडाडली. स्टुलावरच्या गिऱ्हाइकाने घाबरून हनुवटी अशी पाडली, की चेहरा गायब झाला आणि टक्कल तेवढं उरलं.

"इतकी नाही! ओळखपत्रावर काय टक्कल लावणार आहात?"

कोपऱ्यातल्या बाकड्यावर तीन मुलं तोंड दाबून हसत होती. एक मावशीची भाची. तिचा आवाज रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा, म्हणून तिला सगळे तोफ म्हणत. दुसरा शेजारच्या शिंप्याचा मुलगा. त्याच्या चष्म्याच्या काचा भारी जाड, म्हणून तो दुर्बीण. तिसरा तोफेचा धाकटा भाऊ. बहीण जाईल तिथे हा मागे, म्हणून शेपूट. सुट्टी लागल्यापासून तिघांचा मुक्काम मावशीच्या फोटोच्या टपरीत होता. तोफ संगणकावर फोटो नीट करायची, दुर्बीण कापायचा आणि शेपूट गिऱ्हाइकांसमोर हातआरसा धरायचा. एरवी तोच आरसा डोळ्यांसमोर धरून, पाठीमागचा रस्ता बघत बघत तो चालायचा आणि खांबांना धडकायचा. त्याला यात काय गंमत वाटायची, ते त्यालाच ठाऊक!

गिऱ्हाइकाने फोटो हातात घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. "हा मी नाहीच! मी रोज आरशात बघतो. माझे केस असे जातात. इथे तसे गेलेत!"

"केस?" दुर्बीण पुटपुटला. तोफेने त्याला कोपर मारलं.

"अहो काका, आरसा उलटं दाखवतो," मावशी म्हणाली. "लोकांना तुम्ही असेच दिसता."

"मग लोक चुकतात!"

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. दिवसातून एक तरी असा नग यायचाच.

तेवढ्यात बाहेरून टपरीच्या पत्र्यावर कोणीतरी धपाधप थापा मारल्या. तिघं धावत बाहेर आली. बघतात तर काय! हेल्मेट घातलेला एक मुकादम टपरीवर भली मोठी लाल फुली चिकटवत होता.

"ओ! हे काय?" तोफ धडाडली.

"फुली." मुकादम म्हणाला.

"ते दिसतंय! कशाला?"

"ही टपरी जायची. दुपारी क्रेन येणार. सामान काढून घ्या बाई."

मावशी दारात येऊन उभी राहिली. तिच्या तोंडून शब्द फुटेना. मावशीच्या तोंडून! मुलं घाबरली ती फुली बघून नव्हे, तिची ती गप्प मुद्रा बघून.

रस्त्याचं रूप पालटायचं काम निघालं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. या रस्त्यावर पत्र्याच्या दोन टपऱ्या होत्या. समोरासमोर, एकाच मापाच्या, एकाच हिरव्या रंगाच्या. एक मावशीची. दुसरी कित्येक वर्षं बंद, गंजलेली. बंद आहे ती काढणार, चालू आहे ती ठेवणार, असं कचेरीच्या मोठ्या बाईंनी स्वतः येऊन सांगितलं होतं. मग आता हे काय?

"समोरची जायची होती! ती बंद आहे, ही चालू आहे. डोळे आहेत ना तुम्हाला?" मावशीला एकदाचा आवाज सापडला.

"मला डोळ्यांनी नाही, चित्राने काम करायचंय," मुकादम म्हणाला. "रस्त्याच्या तोंडाशी चित्र लावलंय. चित्रात डावीकडच्या टपरीवर फुली आहे. तिथे उभं राहिलं की ही डावीकडे. झालं!"

"म्हणजे डोकं नाहीच वापरायचं?"

"त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत बाई." असं म्हणून तो गेलासुद्धा!

मावशी तरातरा आत गेली आणि स्टुलावर बसली. "उचलायची तर माझ्यासकट उचला म्हणावं! याच टपरीवर मी घर चालवलं, दोन भावंडांची लग्नं केली. आणि हा फुली मारतोय!"

"मावशी, तू हलू नकोस," तोफ म्हणाली. "आम्ही चित्र बघून येतो. चला रे!"

रस्त्याच्या तोंडाशी भिंतीएवढा फलक होता. त्यावर रस्त्याचा मोठा फोटो. सकाळी काढलेला असावा, कारण सगळी दुकानं बंद होती. दोन्ही टपऱ्या दिसत होत्या. एक डावीकडे, तिच्यावर लाल फुली. एक उजवीकडे, तिच्यावर हिरवी खूण. मधून एक माणूस ऐटीत चालला होता.

"किती गुळगुळीत केलाय!" तोफ वैतागली. "दुकानांच्या पाट्या पुसल्यात. गंजसुद्धा पुसलाय. आता कोणती टपरी कोणाची, कसं कळायचं?"

दुर्बीण मात्र फोटोला नाक लावून उभा होता. "या माणसाने बायकोचा सदरा घातलाय."

"काहीतरीच काय!"

"अगं, बटणं बघ! पुरुषांच्या शर्टाला बटणं उजव्या बाजूला असतात, बायकांच्या डाव्या. आमच्याकडे चुकून उलटी लागली तर बाबा घर डोक्यावर घेतात. याची उलटी आहेत."

"शिंप्याने चूक केली असेल."

"घड्याळपण उजव्या हातात?"

तोफेने आता नीट बघितलं. आणि तिला वेगळंच काही दिसलं. फुलीवाल्या टपरीच्या छपरावर ओळीने कबुतरं बसली होती.

"कबुतरं!" ती ओरडली. "मावशीच्या टपरीवर कबुतरं? कबुतरांची छाती आहे का?"

खरंच होतं ते. मावशी झाडू घेऊन कबुतरांच्या मागे लागायची. तिच्या छपरावर एकही कबूतर टेकत नसे. सगळी समोरच्या बंद टपरीवर बसून दुरून तिच्याकडे बघत.

"म्हणजे फुलीची टपरी ती बंदवालीच!" दुर्बीण म्हणाला. "पण ती तर उजवीकडे आहे. चित्रात डावीकडे कशी आली?"

"तायडे!" शेपूट म्हणाला.

"थांब रे, विचार करू दे."

"पण तायडे..."

"गप्प बस म्हटलं ना!"

"तायडे, आरशात चित्र आलंय!" शेपटाने जिवाच्या आकांताने सांगितलं. तो फलकाकडे तोंड करून, रस्त्याकडे पाठ करून उभा होता आणि हातातल्या आरशात मागचा रस्ता बघत होता. "आरशातला रस्ता आणि हे चित्र सेम टू सेम!"

दोघांनी आरशात डोकावलं. बंद टपरी डावीकडे, मावशीची उजवीकडे. समोर फलक, फलकातही तसंच.

"फोटो उलटा छापलाय!" तिघं एकदम ओरडली.

धावत धावत त्यांनी मुकादमाला गाठलं. तो निवांत डबा खात होता. "चित्र उलटं असो नाहीतर सुलटं," तो खाणं न थांबवता म्हणाला, "चित्रवाल्याला सांगा. तो येतोय मोठ्या बाईंबरोबर."

चित्रवाला आला. काळा सदरा, काळी विजार, गळ्यात नावाची पट्टी, कानात गाणी ऐकायची बोंडं. दर दोन वाक्यांनी तो 'संकल्पना' म्हणायचा. मोठ्या बाई फोनवर बोलत मागेच राहिल्या.

"काका, तुमचा फोटो उलटा आहे!" तोफ म्हणाली.

त्याने एका कानातलं बोंड काढलं. "उलटा नाही, फिरवलाय. मूळ फोटोत माणूस डावीकडे चालला होता. म्हणजे मागे! माणूस उद्याकडे चालला पाहिजे. संकल्पना असते ती."

"पण माणूस फिरवला तर रस्तापण फिरला ना!"

"त्याने काय फरक पडतो? लोक भावना बघतात. मुलांना नाही कळायचं." त्याने बोंड परत कानात खुपसलं. मागून क्रेन घरघरत आली. टपरीतून मावशीचा आवाज आला, "या! मी बसलेय! उचला बघू!"

"उचलली जीभ लावली टाळ्याला! म्हणे फरक पडत नाही!" तोफ दात ओठ खात म्हणाली. मग एकदम तिचा चेहरा उजळला. तिने दोघांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि गोड आवाज काढला. तोफेचा गोड आवाज! शेपूट दोन पावलं मागेच सरला.

"काका, आमच्या मावशीच्या भिंतीवर मोठ्या माणसांचे फोटो असतात. तुमचा एक हवा होता हो!"

बोंडं लगेच निघाली. "माझा? बरं, पटकन काढा."

तोफ त्याला टपरीत घेऊन आली. मावशीने तिच्याकडे बघितलं. तोफेने डोळा मारला. मावशी स्टुलावरून उठली. "बसा. हनुवटी खाली!"

फोटो निघाला. तोफेने संगणकावर एक कळ दाबली, फोटो छापला आणि चित्रवाल्याच्या हातात ठेवला. तोवर शेपूट मोठ्या बाईंना हात धरून दारापर्यंत घेऊन आला होता.

चित्रवाला बघतच राहिला. मग तापला. "हे काय केलंत? माझा तीळ या गालावर कुठे आहे? माझं नाव उलटं आलंय! हा फोटो खोटा आहे! कोणी शहाणा माणूस फोटो असा उलटा छापेल का?"

"त्याने काय फरक पडतो काका?" तोफ म्हणाली. "लोक भावना बघतात!"

चित्रवाल्याने फोटो पाठीमागे लपवला.

"कोणी काय उलटं छापलंय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

मग काय! तोफ सुटली. बटणं, घड्याळ, कबुतरं, सगळं एका दमात! मोठ्या बाई तडक फलकाकडे गेल्या. शेपटाने त्यांच्या हातात आरसा दिला. त्यांनी आरशात बघितलं, फलकाकडे बघितलं, मग वळून खऱ्या रस्त्याकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले.

"मी या फलकावर सही केली," त्या हळूच म्हणाल्या, "आणि रस्त्याकडे मान वळवून एकदाही बघितलं नाही!" मग त्यांचा आवाज चढला. "मुकादम! फुली काढा. समोरच्या टपरीला लावा. आणि तुम्ही, संकल्पना! आजच्या आज फोटो सुलटा करा. माणूस मागे चालला तर चालू दे!"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात," मावशी मागून आली. "पण इतक्या शिकलेल्यांना लागला हो!"

मोठ्या बाईंना हसू आवरेना. त्यांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "माझ्या कचेरीत इतकी माणसं आहेत. तुमच्यासारखी बघणारी तीन असती तर!"

"पाठवते की," मावशी म्हणाली, "मला तरी कुठे सुख आहे?" पण शेपटाचे गाल तिने असे कुरवाळले, की ते पोर लाजून लाल झालं. "कार्ट्या, तुझा आरसा मी रोज हिसकावून घ्यायचे. आजपासून तो तुझा!"

चित्रवाला कोपऱ्यात घुटमळत होता. "मावशी... माझा तो फोटो... जरा सुलटा करून मिळेल का?"

"मिळेल. पण आधी रस्ता, मग तीळ!"

क्रेनने बंद टपरी उचलली. तिच्या छपरावरची सगळी कबुतरं फडफडत वर उडाली. त्यांनी आकाशात एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि सगळी ओळीने मावशीच्या छपरावर येऊन बसली.

"आता ही कुठून आली मेली!" मावशीने झाडू उचलला. "हूश! हूश!"

"असू दे गं मावशी," तोफ हसून गडगडली. "तेवढी संकल्पना राहू दे!"