सक्करदऱ्यावर शाई फुटली

मिनलचा पेन सुकला तोही नेमका सूर्य कलायला लागल्यावर. सक्करदरा तलावाच्या काठावर बसून ती पलीकडचं शहर काढत होती – गच्च्या, पाण्याच्या टाक्या, मोबाइलचे टॉवर. सातच्या आत चित्र देवाजी सरांच्या हातात पडलं, तरच त्यांच्या रविवारच्या स्केचिंग ग्रुपच्या प्रदर्शनात ते लागणार होतं. तिचं पहिलंवहिलं चित्र.

"माझा घ्या ना..."

मागून आवाज आला. गेले चार रविवार तो तिच्या मागेच पॅड घेऊन बसत होता. नाव जितेंद्र, नोकरी बुटीबोरीला, एवढंच तिला ठाऊक होतं.

"परत नाही दिला तर?"

"मागाले येईन. रोज येईन."

ती गालात हसली. उरलेल्या इमारती भराभर काढल्या आणि सगळ्यावरून केशरी रंगाचा ओला ब्रश फिरवला.

तिनं ब्रश झटकन उचलला. शाई फुटली होती. टाक्या, टॉवर, खिडक्या – सगळं निळं निळं होऊन आभाळात पसरत चाललं होतं.

"ही शाई वॉटरप्रूफ नाही?"

"म्हणजे?... मी तर यानं ऑफिसात सह्या करतो."

रंगाच्या चित्राला साधी शाई! अगदी नवख्यालाही कळतं हे. "मग चार रविवारपासून तुम्ही इथं करून काय राहिले?"

त्यानं पॅड पुढे केलं. त्यात एकच टाकी होती, तीही वाकडी.

"मले चित्र येतच नाही. तुम्ही दिसता... म्हणून येतो."

मिनलनं भिजलेल्या चित्राकडे पाहिलं. रडू यायला हवं होतं, पण छातीत भलतीच धडधड सुरू झाली.

"जातो मी," तो पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाला.

"जाता कुठं? पळा, तिकडं आमच्या ग्रुपातली गार्गी बसली आहे, तिचा वॉटरप्रूफ पेन आणा. वारा सुटला, बोर्ड कोण धरन?"

उजेड अर्धा तासच उरला होता. ती नव्या कागदावर काढत होती, तो गुडघे टेकून बोर्ड धरून होता.

"हात काहून थरथरून राहिला तुमचा?"

"इतक्या जवळून... पाहिलं नव्हतं कधी."

तिची रेघ चुकली. तिनं ती तशीच राहू दिली.

सातला पाच कमी असताना देवाजी सरांनी चित्र हातात घेतलं, चष्मा वर केला. "मिनल, शहर असं हलून काहून राहिलं वं?"

"यानं बोर्ड धरला होता, सर."

"हा कोण?"

ग्रुपात नवीन आलाय, असं ती सांगणार होती.

"माझा आहे," ती म्हणाली.

सरांनी दोघांकडे बघत चित्र प्रदर्शनाच्या फायलीत ठेवलं. जितेंद्रनं दचकून मान वर केली. पण सगळ्यात मोठा धक्का मिनललाच बसला होता – शब्द तोंडातून निघून गेले होते... आणि ते परत घ्यावेत असं तिला जराही वाटत नव्हतं.