हमालाच्या नावावरची नोंद

नर्सने पाचऐवजी चुकून पन्नास टाइप केलं आणि पंपाने ते निमूटपणे ऐकलं.

ती तिथेच थबकली. औषध थेंबाथेंबाने सोडणारं ते यंत्र एवढ्या मोठ्या आकड्यावर अडून बसायला हवं होतं. तिने नळी बंद केली, पेशंटची नाडी पाहिली आणि यंत्र बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. पेशंट थोडक्यात बचावला होता.

दुपारपर्यंत कंपनीत कळलं, की डोसची मर्यादा तपासणारी ओळ पंपात नुकत्याच घातलेल्या नव्या प्रोग्राममध्ये नाहीच. जुन्यात ती दोन महिन्यांपूर्वी घातली होती. मधल्या मध्ये ती गेली कुठे?

हमालाने गिळली, असं जो तो म्हणू लागला.

हमाल म्हणजे माणूस नव्हे. प्रोग्रामच्या दोन ब्रँच, म्हणजे समांतर प्रती, होत्या: हॉस्पिटलांत तोवर चालू असलेली जुनी आणि तेव्हा घडत असलेली नवी. जुनीतली प्रत्येक सुधारणा नवीत आणायची असे. माणसं विसरत, म्हणून एका तरुण इंजिनिअर मुलीने ते मर्जचं, म्हणजे एकीतले बदल दुसरीत मिसळायचं, काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम लिहिला. इकडचं ओझं तिकडे नेतो, म्हणून त्याचं नाव हमाल पडलं. आता त्याच्यापायी तिला घरी बसवण्यात आलं होतं.

चौकशी दप्तरबाईंकडे आली. कंपनीचे सगळे कागद त्या सांभाळत. विभागप्रमुखांनी, म्हणजे दादांनी, त्यांचंच नाव सुचवलं होतं. दोघं बावीस वर्षांपूर्वी एकाच दिवशी नोकरीला लागलेले. बाईंच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दादा दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून होते.

चौकशीचा आदेश हातात देण्याआधी दादांनी सवयीने पेन काढलं आणि एका शब्दातला दीर्घ उकार खोडून ऱ्हस्व केला. टायपिस्टच्या नावाने थोडं पुटपुटलेही.

"मला त्या कोडमधलं ओ की ठो कळत नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणून तर तू. तू कुणाच्या बाजूची नाहीस."

मुलगी भेटायला आली ती डोळे सुजवून. बाईंनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि थेट विचारलं,

"एकाच जागी दोन्ही ब्रँचमध्ये वेगवेगळे बदल झालेले असले, तर हमाल काय करतो?"

"थांबतो. ओझं खाली ठेवतो आणि मेल पाठवतो. यातलं कोणतं घ्यायचं, हे त्याने ठरवायचं नाही."

"या ओळीच्या जागी दोन्हीकडे बदल झाला होता?"

"हो. पण नोंद सांगते की त्याने मर्ज केलं आणि नवीतली बाजू तेवढी ठेवली. कसं, ते मला समजत नाही. मेलचा डबा दर महिन्याला रिकामा होतो, त्यामुळे पुरावाही नाही."

"हमालाच्या नावाने दुसरं कुणी आत शिरू शकतं?"

"किल्ली लागते. एक माझ्याकडे. एक दादांकडे, मी रजेवर गेले तर काम अडू नये म्हणून."

बाईंनी ते टिपून घेतलं. मुलीनेच घाईने भर घातली, "दादांनी मला हाताला धरून शिकवलंय. चुकलं असेल तर माझंच चुकलंय."

बाईंनी तिच्याकडून सगळा जबाब हाताने लिहून घेतला. चार पानं झाली. दुरूस्त्या हा शब्द त्यात सात वेळा आला होता, सातही वेळा रू दीर्घ.

मग त्यांनी हमालाच्या सगळ्या नोंदी छापून मागवल्या. चारशे बारा निघाल्या. प्रत्येकीत तेच एक वाक्य: 'जुन्या ब्रँचमधल्या दुरूस्त्या नवीत घेतल्या.' बाई ओळीखाली पट्टी धरून वाचत गेल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी पट्टी थांबली. त्यांनी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. मग त्या पानावर खूण केली.

दादांच्या खोलीत शिरताना त्यांनी दार लावून घेतलं.

"मुलीची एक खोड आहे," त्या म्हणाल्या. "दुरुस्त्या शब्दात ती रू दीर्घ काढते. हमालाचं वाक्य तिनेच लिहून दिलंय, म्हणून चारशे अकरा नोंदींत तो दीर्घ आहे. ज्या नोंदीत ती ओळ गेली, तेवढ्या एकीत ऱ्हस्व. यंत्र आपलं शुद्धलेखन सुधारत नाही, म्हणजे हे कुणीतरी हाताने टाइप केलं. मुलीने केलं असतं तर दीर्घच आला असता. किल्ल्या दोन. उरलास तू."

दादांनी कागद पाहिलाच नाही.

"सोमवारी प्रोग्राम द्यायचा होता," ते हळू म्हणाले. "हमाल अडला. ती ओळ घेतली असती तर सगळी तपासणी पुन्हा, तीन दिवस. म्हटलं, पुढच्या खेपेला घालू. राहून गेलं."

"नुसतं राहून गेलं असतं तर ते मर्ज हमालाच्या नाही, स्वतःच्या नावाने केलं असतंस."

दादांनी हातातलं पेन मिटून ठेवलं.

"आणि मला का बोलावलंस, तेही कळलं. मला कोड कळत नाही. आणि माझी नजर तुझ्याकडे वळणार नाही, याची तुला खात्री होती."

"बावीस वर्षं..." दादांनी सुरुवात केली.

"तेच म्हणतेय मी," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

अहवाल त्यांनी स्वतः नेऊन संचालकांच्या हातात दिला. दादांकडून किल्ली काढून घेतली गेली, हॉस्पिटलला सगळं खरं कळवलं गेलं. संध्याकाळी बाईंनी मुलीला फोन करून सांगितलं, की तुझा हमाल निर्दोष आहे, उद्यापासून कामावर ये. मग कुणी केलं, तेही सांगितलं.



"हमालच चुकला असता तर बरं झालं असतं, बाई," ती म्हणाली. "ते मला नीट करता आलं असतं."

बाईंना तिची समजूत घालायची होती. पण त्यांची स्वतःचीच अजून पटलेली नव्हती.